साखळी सैल असावी
श्वानमेळाव्यातील गोंधळ, आनंद आणि त्यामागील शिस्त

घरात मुलांच्या पायांशी लोळणारे आणि पाहुण्याच्या हातून पोळीचा तुकडा अलगद घेणारे कुत्रे संध्याकाळी फिरावयास नेले, आणि समोरून दुसरे कुत्रे येताना दिसले, की क्षणार्धात त्याचे रूप पालटते. ते मागच्या दोन पायांवर उभे राहते, साखळीला हिसके देते आणि ज्याने त्याचे कधी काही बिघडवले नाही अशा त्या प्राण्यावर जन्माचे वैर असल्याप्रमाणे भुंकत सुटते. परंतु हीच दोन कुत्री एखाद्या दिवशी रिकाम्या वावरात सुटी भेटली, तर थोड्याच वेळात एकमेकांच्या मागे धावू लागतात, मानेला दातांनी धरतात, धुळीत लोळतात, आणि हा सारा दंगा आटोपल्यावर पाहावे तर कोणाच्याही अंगावर ओरखडा नसतो. बांधलेले असता वैरी आणि सुटे असता सोबती, असा हा विरोध कसा उत्पन्न होतो, आणि दातांनी खेळला जाणारा खेळ रक्तपातावाचून कसा पार पडतो, हे कोडे कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा पडलेले असते.

उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी-कापूस, अशा मुलखात वसलेल्या चोपड्याला कुत्र्यांची सोबत काही नवी नाही. केळीच्या बागेत रानडुकरांवर भुंकणारे, मळ्यातील झोपडीपुढे बसून राहणारे गावठी कुत्रे येथे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या बिऱ्हाडातच गणले गेले आहे. अलीकडे त्यात भर पडली ती गावाभोवतीच्या नव्या वसाहतींतील लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांची. मळ्यातल्या कुत्र्याला हिंडण्यास शिवार असते. वसाहतीतल्या कुत्र्याला दिवसभर ओटा आणि धाबे एवढाच मुलूख. म्हणून ऊन उतरले की वसाहतीतल्या ज्या मोकळ्या भूखंडाला सारे जण ‘ओपन स्पेस’ म्हणतात, तेथे चार-सहा कुत्री आणि तितकेच मालक आपोआप जमतात. या मेळाव्याला ना निमंत्रण, ना अध्यक्ष. पहिली दहा मिनिटे तेथे इतका कल्लोळ असतो की नवखा माणूस चार पावले मागे सरतो. तथापि तो कल्लोळ बेशिस्त नसतो. त्यात एक रीत आहे, ती पायरीपायरीने उलगडता येते, आणि ती ज्या मालकाला कळली त्याचे कुत्रे चौघांत सुखाने वागते, असा माझा दृढ विश्वास आहे.

पहिली पायरी : नाकाने पटवलेली ओळख

माणूस माणसाला प्रथम डोळ्यांनी ओळखतो. कुत्रे कुत्र्याला नाकाने ओळखते. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात; कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, त्या 20 ते 30 कोटींच्या घरात मानल्या जातात. शिवाय कुत्रे श्वास सोडते तेव्हा हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघून जाते. त्यामुळे पुढून येणारा गंध उधळला जात नाही, आणि सलग हुंगत राहणे त्याला शक्य होते. याखेरीज वरच्या पुढच्या दातांमागे उघडणारे एक स्वतंत्र गंधेंद्रिय त्याला लाभले आहे. त्याला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात, आणि स्वजातीयांच्या अंगस्रावांतील सूचना टिपणे हे त्याचे मुख्य कार्य होय.

गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या लहान ग्रंथींतून प्रत्येक कुत्र्याचा स्वतःचा असा गंध स्रवतो. दोन कुत्री भेटताच एकमेकांच्या मागच्या बाजूस नाक नेतात, ते याच गंधासाठी. हे ओळखीचे की परके, नर की मादी, मादी असल्यास माजावर आहे की नाही, इतक्या गोष्टींचा उलगडा त्यांना काही क्षणांत होतो. आपल्याला हा प्रकार ओशाळवाणा वाटतो आणि आपण ‘छी’ म्हणून साखळी ओढतो. वस्तुतः त्या क्षणी आपण दोघांची ओळखच अर्धवट तोडीत असतो, आणि अर्धवट ओळख ही पुष्कळशा भांडणांचे मूळ असते.

या भेटीची वाटही पाहण्यासारखी असते. सभ्य कुत्रे दुसऱ्याकडे सरळ रेषेत, डोळ्यांत डोळे रोखून जात नाही. ते किंचित वळण घेऊन, मान बाजूला ठेवून, मध्येच जमीन हुंगत जवळ येते. रोखलेली नजर आणि सरळ चाल ही श्वानजातीत धमकी समजली जाते. वळणाची वाट म्हणजे आपला हेतू चांगला असल्याची ग्वाही.

दुसरी पायरी : देहाची भाषा

चार्ल्स डार्विनने 1872 साली माणसांच्या व प्राण्यांच्या भावाविष्कारांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात एकाच कुत्र्याच्या दोन अवस्था शेजारी शेजारी मांडून दाखवल्या आहेत. वैरभावाने चाललेले कुत्रे ताठ असते, त्याची मान व शेपटी वर, केस उभे आणि कान पुढे असतात. तेच कुत्रे धनी दिसताच अंग खाली घेते, वळवळते, कान मागे टाकते आणि शेपटी खाली आणून हलवते. परस्परविरुद्ध भावना परस्परविरुद्ध शरीरस्थितींतून प्रकट होतात, हे त्याचे प्रतिपादन होते. आणि आजही मैदानावर उभे राहून कुत्र्यांकडे पाहावयाचे तर त्याच्याइतका उपयुक्त धडा दुसरा नाही. देह ताठ आहे की सैल, हा पहिला प्रश्न. बाकीचे प्रश्न त्यामागून येतात.

शेपटी हलली म्हणजे कुत्रे खूश, ही समजूत मात्र अपुरी आहे. शेपटी हलणे म्हणजे मन चाळवलेले असणे. ते आनंदाने की रोषाने, हे बाकीच्या अंगावरून ठरवावे लागते. उंच धरलेली, ताठ आणि थरथरणारी शेपटी ही इशारत होय, तर कमरेपासून सारे अंग डोलवणारी सैल शेपटी हे स्वागत. इटलीतील संशोधकांनी 2007 साली असे दाखवले, की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी त्याच्या स्वतःच्या उजवीकडे अधिक झुकते, आणि अनोळखी, वरचढ कुत्रे दिसल्यावर डावीकडे. 2013 साली त्यांनीच पुढे असे दाखवले, की डावीकडे झुकणारी शेपटी पाहणाऱ्या कुत्र्यांची हृदयगती वाढते. आपल्या डोळ्यांना जो फरक सहसा कळतही नाही, तो त्यांना आपसांत कळतो.

मानेवरचे आणि पाठीवरचे उभे राहिलेले केसही असेच फसवे असतात. ते चेतावल्याचे लक्षण आहे. केवळ रागाचे नव्हे. याउलट, झोप नसताना दिलेली जांभई, ओठांवरून वारंवार फिरवलेली जीभ, तोंड दुसरीकडे वळवणे, ही मनावर ताण आल्याची चिन्हे असून आपण त्यांकडे हमखास दुर्लक्ष करतो. आणि साऱ्यांत महत्त्वाचे चिन्ह आहे ते स्तब्धतेचे. हलणारे कुत्रे एकाएकी जागच्या जागी थिजले, तोंड मिटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, म्हणजे मालकाने तात्काळ, पण आरडाओरडा न करता, त्याला बाजूस न्यावे. गुरगुरणेदेखील अशीच एक पूर्वसूचना असते. त्याबद्दल मारले तर कुत्रे सूचना देणे सोडते, चावणे सोडीत नाही.

तिसरी पायरी : सलामी आणि कुस्ती

आता मुख्य कोड्याकडे वळू. आपल्याकडे यात्रेच्या फडात दोन मल्ल प्रथम हात मिळवतात, सलामी झडते, आणि मग ते एकमेकांना चीत करण्यासाठी जिवाची शर्थ करतात. तरीही कोणी कोणावर फिर्याद करीत नाही, कारण सलामीनेच जाहीर झालेले असते की यापुढचे सारे कुस्तीच्या कायद्यात बसणारे आहे. कुत्र्यांच्या खेळातही अशीच सलामी असते. पुढचे दोन पाय कोपरांपर्यंत जमिनीला टेकवून, मागचा भाग व शेपटी उंच ठेवून, तोंड उघडे टाकून कुत्रे समोरच्यापुढे वाकते. याला आपण क्रीडानमन म्हणू. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाचे प्राणिवर्तन-अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्री, लांडगे आणि कोयोटी यांच्या पिलांचे खेळ तपासून 1995 साली असे मांडले, की हे नमन केवळ खेळाच्या आरंभी होत नाही. ज्या चाव्यात डोके डावी-उजवीकडे वेगाने झटकले जाते, आणि ज्याचा गैरसमज होण्याचा संभव अधिक असतो, अशा चाव्याच्या आगेमागे ते विशेष आढळते. ‘आता करतो आहे ते खेळातले’, असे मध्येच पुन्हा बजावून सांगणे, असा त्याचा आशय.

डिसेंबरातील एका संध्याकाळी हा क्रम मी जवळून न्याहाळला. मळ्यातून मालकाच्या मोटारसायकलीमागे धावत आलेला एक तांबूस गावठी कुत्रा, आणि वसाहतीतला धिप्पाड काळा लॅब्रॅडोर. दोघांनी वळण घेत एकमेकांना हुंगले; गावठ्याची शेपटी प्रथम ताठ होती, ती हळूहळू खाली आली. लॅब्रॅडोरने पुढचे पाय टेकले. गावठा क्षणभर थांबला, त्याने नाक झटकले आणि तसेच नमन केले. पुढच्या क्षणी दोघे भरधाव सुटले. लॅब्रॅडोर वजनाने जवळजवळ दुप्पट, पण थोड्या वेळाने तोच आपण होऊन पाठीवर पडला आणि गावठ्याला गळ्याशी येऊ दिले. मग भूमिका पालटल्या. पुढे धावणारा मागे लागला. मध्येच दोघांनीही पाण्यातून निघाल्याप्रमाणे अंग झाडले, दोन क्षण जमीन हुंगली, आणि पुन्हा नमन करून खेळ चालू केला.

या चार गोष्टी, म्हणजे नमन, बलवानाने स्वतःचे बळ आवरणे, भूमिकांची अदलाबदल आणि मधली विश्रांती, जेथे दिसतात तेथे गुरगुराट कितीही असला तरी तो खेळच समजावा. जेथे एकच कुत्रे सतत वर आणि दुसरे सतत खाली, जेथे खालचे शेपटी पायांत घेऊन मालकाच्या आड दडू पाहते, किंवा तिघे मिळून एकाच्या मागे लागतात, तेथे खेळ संपून छळ सुरू झालेला असतो, आणि मध्ये पडणे हे मालकांचे कर्तव्य ठरते.

दातांचा जोर आवरण्याची ही विद्या पिलू आईजवळ आणि भावंडांत शिकते. खेळता खेळता जोराने चावले की भावंड किंचाळते आणि खेळ सोडून जाते. या एकाच शिक्षेतून ते पुष्कळ काही शिकते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ समाजशिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरवला. आपल्या देशात 2017 च्या श्वानप्रजनन व विक्री नियमांनी आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस मनाई केली, ती या दृष्टीनेही योग्यच आहे. महिन्याभराचे पिलू पिशवीत घालून घरी आणणारा माणूस त्याची पहिली शाळाच बंद पाडतो.

तंग साखळी भांडण कसे लावते

मग बांधलेले कुत्रे का भडकते? आतापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या साखळीने कशा मोडतात, ते पाहा. रस्ता अरुंद असल्यामुळे दोन मालक समोरासमोर सरळ रेषेत येतात. वळणाची सभ्य वाट बंद होते. दुसरे कुत्रे दिसताच मालक धास्तीने साखळी आखडतो. त्यामुळे कुत्र्याची मान वर उचलली जाते, छाती पुढे येते, भार पुढच्या पायांवर पडतो, म्हणजे त्याच्या मनात नसतानाही त्याचा देह धमकीच्या आकारात ताणला जातो. समोरचे कुत्रे तो आकार वाचते आणि तसेच उत्तर देते. माघार घेण्याची सोय दोघांनाही नसते. आणि ज्या प्राण्याला पळता येत नाही, त्याला दांडगाईने समोरच्याला हटवणे एवढाच मार्ग उरतो. शिवाय दुसरे कुत्रे दिसले की गळ्याला फास बसतो, असा अनुभव वारंवार आला, की त्या वेदनेचा दोष ते समोरच्याच्या पदरी घालते. अशा रीतीने दोन निरपराध जीवांत आपण, केवळ भयापोटी, तंटा उभा करतो.

यावरचा उपाय साधा, पण संयमाचा आहे. प्रथम अंतर वाढवावे. ज्या अंतरावर आपले कुत्रे समोरच्याकडे पाहूनही खाणे घेऊ शकते, तेथून आरंभ करावा. मग दोघांनी एकाच दिशेने, समांतर, साखळी सैल ठेवून चालावे. दहा-पंधरा मिनिटांच्या अशा सहप्रवासानंतर पुष्कळशी कुत्री आपोआप निवळतात. सोडावयाचे ते कुंपण असलेल्या जागेत, दोघे स्वस्थ झाल्यावर, आणि एकाच वेळी. एक सुटे व एक बांधलेले, ही स्थिती सर्वांत वाईट.

मालकांचेही संमेलन

कुत्री खेळत असताना मालक काय करतात? बोलतात. इंग्लंडमधील मॅकनिकोलस आणि कॉलिस या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की तोच माणूस कुत्र्यासह बाहेर पडला असता अनोळखी लोक त्याच्याशी कितीतरी अधिक वेळा बोलतात. आणि त्याचे कपडे नीटनेटके असोत वा मळके, हा परिणाम टिकून राहतो. याची सत्यता पडताळण्यास चोपड्याबाहेर जावे लागत नाही. ‘भाऊ, हाऊ चावस का?’ या अहिराणी पृच्छेने सुरू झालेले संभाषण गोचिडांच्या औषधावरून कापसाच्या भावावर, आणि तेथून मुलीच्या प्रवेशावर कधी जाते, ते बोलणाऱ्यांनाही कळत नाही. आडत्या, शिक्षक, निवृत्त लिपिक आणि मळ्यावरचा सालदार यांना बरोबरीने उभे करणारी ठिकाणे गावात थोडी असतात. हे त्यांपैकी एक आहे.

कुत्र्याशी असलेल्या या जिव्हाळ्यामागे शरीरशास्त्रही आहे. जपानमधील अझाबू विद्यापीठातील संशोधकांनी 2015 साली दाखवले, की पाळलेले कुत्रे आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत प्रेमाने पाहत राहिले असता दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हा, आई आणि तान्हे यांच्या नात्यात कार्य करणारा, स्राव वाढतो. आपल्या परंपरेने हे नाते निराळ्या रीतीने ओळखले आहे. दत्तात्रेयाच्या चरणांशी चार श्वान आणि खंडोबाच्या सोबतीस कुत्रा आपण मानतो. याच तापीच्या काठी, खाली सारंगखेड्यास, दत्तजयंतीला घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेली यात्रा भरते ती दत्ताचीच. ज्या लोकांनी श्वानाला देवाच्या पायांशी जागा दिली, त्यांनी त्याला गावात खेळण्यास हातभर जागा द्यावी, ही अपेक्षा वावगी नव्हे.

खानदेशच्या हवेतील बंदोबस्त

मेळाव्याचा आनंद टिकावयाचा तर काही दक्षता घ्यावी लागते. पहिली उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या गादीला. अंग निववण्यासाठी त्याच्यापाशी धापा टाकणे हाच मुख्य उपाय. त्याचे स्वाभाविक तापमानच 38 ते 39 अंश असते, त्यामुळे उष्माघातापर्यंतचे अंतर थोडे. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना तर धापही पुरती टाकता येत नाही. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद ठेववली नाही, तर त्यावरून कुत्रे चालवू नये.

दुसरी दक्षता रोगांची. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी टोचून घ्यावी. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लसींचा क्रम पुरा झाल्यावाचून पिलाला मेळाव्यात जमिनीवर सोडू नये. मात्र तोपर्यंत त्याला घरात कोंडूही नये. कडेवर घेऊन जग दाखवावे आणि लस झालेल्या निरोगी कुत्र्यांशी भेट घडवावी. तिसरी दक्षता माजाची. भाद्रपदाच्या सुमारास गावठी कुत्र्यांत जो वैरभाव माजतो त्याचे कारण सर्वश्रुत आहे. माजावरची मादी मेळाव्यात आणणे म्हणजे भांडणास निमंत्रण देणे. चौथी दक्षता खाण्याची व चेंडूची. मालकीहक्काचा प्रश्न आला की मित्रांतही तंटा होतो, म्हणून या वस्तू खिशातच ठेवाव्या.

> थोडक्यात
> • ताठ देह म्हणजे सावधान. सैल देह म्हणजे स्वस्थता. शेपटी एकटी पुरावा नव्हे.
> • हुंगू द्यावे. ओळख पुरी होऊ द्यावी.
> • नमन, बळ आवरणे, अदलाबदल, विश्रांती : ही खेळाची लक्षणे.
> • एकाएकी थिजणे हा धोक्याचा इशारा. लगेच बाजूस न्यावे.
> • साखळी सैल, चाल समांतर. सोडावयाचे ते दोघांना एकाच वेळी.
> • भांडण जुंपलेच, तर मध्ये हात घालू नये. पाणी ओतावे वा मोठा आवाज करावा.
> • जागा सोडताना घाण उचलून न्यावी.

जागेचा प्रश्न

अमेरिकेतील बर्कली येथे 1979 साली कुत्र्यांसाठी खास राखलेले उद्यान उघडले, ते या प्रकारच्या पहिल्या उद्यानांपैकी एक समजले जाते. आपल्या शेजारच्या राज्यातील हैदराबाद शहरात महापालिकेने 2018 साली कोंडापूर येथे तसेच उद्यान उघडले. चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावाला एवढ्या खर्चाची आवश्यकता नाही. एखाद्या मोकळ्या भूखंडाच्या कोपऱ्याला तारेचे कुंपण, एक दुहेरी फाटक, पाण्याचे टाके आणि निंबाच्या दोन झाडांची सावली, एवढी तजवीज पुरे आहे. दुहेरी फाटक अशासाठी, की आत येणाऱ्या कुत्र्याची साखळी दोन फाटकांच्या मध्ये सोडता यावी, आणि आतली कुत्री बाहेर पळू नयेत.

अशा जागेची मागणी करण्यापूर्वी मालकांनी आपला हिस्सा उचलला पाहिजे. ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्या माणसाचा रस्त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे; त्याच्या अंगावर झेप घेणाऱ्या कुत्र्याच्या मागून ‘काही करीत नाही हो’ असे ओरडणे हा त्या हक्काचा अव्हेर आहे. लस, साखळी, स्वच्छता आणि कुत्र्याच्या देहाची भाषा वाचण्याची सवय, इतके आपण पाळले, तर गावालाही या मेळाव्यात उपद्रवापेक्षा उपयोग अधिक दिसू लागेल. आणि मग त्या कुंपणासाठी केलेल्या अर्जावर सह्या देण्यास ज्यांच्या घरी कुत्रे नाही असे शेजारीही पुढे येतील.